मंजुलिका आमच्या वस्तीत

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या पोरांची बैठक झाली. १४ एप्रिलच्या आदल्या रात्री समाजमंदिरापुढं पडदा बांधायचा आणि सिनेमा दाखवायचा असं ठरलं. कुठला? तर 'भूलभुलैया २'. मी नको म्हणालो. पोरं म्हणाली, "कॉमेडी हाय गा, बायाबापड्या पण हसतील." मी रागानं उठून आलो. उठून यायला नको होतं. बोलायला पाहिजे होतं. बैठकीत गिळलं ते इथं ओकतो. वास आला तर नाक धरा, पण वाचा.

थोरला भाऊ आणि मी, दोघंही आजरा सोडून इचलकरंजीकडं एका सूतगिरणीत लागलो. दोघंही रिंग खात्यात, दोघंही बदली. थोरल्याला सारखी तिसरी पाळी. २०२२ च्या पावसाळ्यात तो सांगायला लागला, चात्या माझ्याशी बोलत्यात. आधी आम्ही हसलो. मग चात्या शिव्या द्यायला लागल्या, त्या पण जातीवरनं. जातीवरनं शिवी चाती देत नसते, माणूस देतो, आणि तशी माणसं खात्यात होती. पण थोरल्याच्या डोक्यात चाती आणि माणूस वेगळं राहिलं नव्हतं. झोप गेली, जेवण गेलं. एका पहाटे मशीन चालू ठेवून तो गेटाबाहेर चालत गेला. गिरणीनं त्याला परत आत घेतलं नाही. बदलीवाल्याला काढायला कागद लागत नाही.

आई त्याला आजऱ्याला घेऊन आली. शेजारच्या काकीनं उंबऱ्यातनं एकदा बघितलं आणि निदान केलं, "ह्येच्यात मंजुलिका शिरलीया." काकीनं तो सिनेमा नुकताच मोबाईलवर बघितला होता. आईनं अमावास्येला त्याला देवरुष्याकडं नेलं. लिंबू झालं, अंगारा झाला, मग हात बांधून नाकाखाली मिरचीची धुरी. याच घरातल्या माझ्या आज्ज्यानं धम्म घेतल्यावर देव्हाऱ्यातले टाक हिरण्यकेशीत सोडले होते. त्याच्या नातवाला ही धुरी.

त्या रात्री मी कुठं होतो? गडहिंग्लजला. स्टेजवर बावीस प्रतिज्ञांवरची कविता वाचत होतो. टाळ्या पडल्या.

आईला मी दोष देणार नाही. भुताची भीती तिला गावानं दिली आणि पडद्यानं ती दर रात्री ताजी ठेवली. पडद्याचा हिशेब मांडा. २००७ साली पहिला 'भूलभुलैया' आला. त्यात बाईच्या अंगात भूत नाही, तिच्या मनाला आजार आहे, असं सांगणारा डॉक्टर होता. बरं वाटलं. पण शेवटी तो डॉक्टर करतो काय? आचार्याला हाताशी धरतो, होमहवनाचं नाटक उभं करतो, आणि त्या नाटकानं बाई बरी होते. ना गोळी, ना महिनोन्महिन्यांचा उपचार. विज्ञानानं भटजीच्या हातानं प्रसाद खाल्ला. तरी तेवढं तरी विज्ञान होतं. २०२२ चा दुसरा भाग आला आणि तेही गेलं. मंजुलिका खरीखुरी भूत झाली, जादूटोणा खरा झाला. पंधरा वर्षांत पडदा पुढं गेला की मागं, तुम्हीच सांगा.

'तेरे नाम' २००३ चा. डोक्याला मार लागून हिरोचं भान जातं, तर त्याला आश्रमात नेतात, तिथं माणसं साखळदंडांत आहेत, आणि थेटरातली पोरं रडतात ती त्याच्या प्रेमासाठी. साखळीसाठी कुणी रडलं नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी, ६ ऑगस्ट २००१ ला, तामिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या एका छपराला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं जळून मेली. बांधलेली होती म्हणून पळता आलं नाही. सिनेमानं साखळी उचलली, राख तिथंच ठेवली. पोरांनी मात्र हिरोचा केसांचा भांग उचलला.

आता कायदा बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला बंदी केली आणि भूल दिल्याशिवाय शॉक द्यायलाही. पण शॉक म्हटलं की आईच्या डोळ्यांपुढं सिनेमातलाच पेशंट येतो, चौघांनी दाबून धरलेला, किंचाळणारा. म्हणून देवरुष्यापेक्षा तिला डॉक्टरची भीती जास्त. आमच्याकडं भांडणात म्हणतात, "ह्येला रत्नागिरीला न्या." पुण्याकडं म्हणतात येरवड्याला. दवाखान्याचं गाव शिवी झालं, तर तिथं कोण स्वतःच्या पायानं जाईल? मिरचीच्या धुरीचं म्हणाल, तर भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी आयुष्य घातलेल्या दाभोलकरांना त्याच साली पुण्यात गोळ्या घातल्या, नंतर अध्यादेश निघाला. दीड वर्षानं आमच्या कोल्हापुरात पानसरेंना घातल्या. आणि २०१६ ला घराघरांत काय चालू होतं? 'रात्रीस खेळ चाले'. वाड्यात भूत, वाड्यात करणी, आणि हसायला एक गडी, पांडू, डोक्यानं अधू, सारखा विसरणारा. मालकाचं मन दुखलं तर त्याचं रहस्य होतं, गड्याचं मन दुखलं तर विनोद. गड्याला कधी कुणी दवाखान्यात नेलं? (आणि प्रेम दाखवायचं असलं की ह्याच लोकांना 'वेड' गोड लागतं, 'लागिरं' गोड लागतं. आमच्या दारात लागीर झालं की दगड.)

चांगले सिनेमे नाहीत असं मी म्हणत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' २००४ चा. स्किझोफ्रेनिया म्हणजे काय ते मला त्यातनं पहिल्यांदा कळलं. अतुल कुलकर्णी कानानं काही तरी ऐकतो तेव्हा तो मला थोरला दिसला. ह्याच दोघांच्या 'कासव'ला २०१७ ला सुवर्णकमळ मिळालं. नैराश्यानं मोडलेल्या पोराला एक बाई काही न विचारता आसरा देते. मन लावून केलेलं काम आहे, मी टोपी काढतो. पण त्या बाईकडं गाडी आहे, ड्रायव्हर आहे, समुद्रकाठी घर आहे. आमचं मन मोडलं तर कुठल्या समुद्रकाठी ठेवायचं? निम्हान्सनं २०१५-१६ ला देशभर पाहणी केली, त्यात दहा प्रौढांमागं एकाला मनाचा काही ना काही आजार निघाला, आणि कमी मिळकतीच्या घरांत प्रमाण जास्त. म्हणजे आजार आमच्याकडं जास्त आणि सिनेमा त्यांच्या घराचा.

टीव्हीच्या बातम्यांचंही तेच. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉक्टर पायल तडवी गेली. आदिवासी पोरगी, शिकून डॉक्टर झालेली. वरिष्ठांवर जातीवरनं छळल्याचा गुन्हा दाखल झाला. चार दिवस बातमी चालली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये सुशांतसिंह राजपूत गेला, तर महिनोन्महिने चॅनेलवाल्यांनी त्याच्या औषधाच्या चिठ्ठ्या चावडीवर वाचल्या. एकीला झाकलं, एकाला उघडं केलं. मनाला इजा कशानं होते, हे दोघांच्याही वेळी विचारलं नाही.

ते विचारणारा एकच सिनेमा मला माहीत आहे आणि त्याला कुणी मनाच्या आजाराचा सिनेमा म्हणत नाही. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड'. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून आपली दहा माणसं मारली. पुढच्या काही दिवसांत विलास घोगरेंनी स्वतःला संपवलं. शाहीर होते, वस्त्या जागवणारे. पटवर्धनांनी चौदा वर्षं कॅमेरा धरला, आणि घोगरेंना वेडा न म्हणता, हुतात्मा करून हार न घालता, एवढा भक्कम गळा कशानं बंद पडला ते शोधत राहिले.

आणि आपण? आपण कार्यकर्ते काय करतो? घोगरेंची गाणी म्हणतो. पण आपल्यातला एखादा पोरगा चार बैठकांना आला नाही, रात्रभर जागा राहिला, कोपऱ्यात बसून राहिला, तर आपण काय म्हणतो? "मेंटल झालाय", "लढणाऱ्याला कसलं डिप्रेशन." मीही म्हणालोय. थोरल्याला म्हणालोय. भूत मानत नाही म्हणून छाती काढणाऱ्या आपल्याला आजारही मानता येत नाही. मग आईनं कुठं जायचं?

विहारात पटाचाराची गोष्ट सांगतात. नवरा गेला, लेकरं गेली, आईबाप गेले, तिचं भान सुटलं, अंगावरचं वस्त्र सुटलं. लोक तिला ढेकळं मारत होते. तथागतांनी तिला हाकलू दिलं नाही. बहिणी, भानावर ये, असं म्हणाले, आणि कुणीतरी तिच्या अंगावर पांघरूण टाकलं. ना उतारा, ना धुरी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्याकडं असताना आपण पडद्यावर मंजुलिका लावतोय.

थोरला आता कोल्हापूरला सीपीआरच्या डॉक्टरांकडं जातो. महिन्याला एसटीनं जायचं, गोळ्या आणायच्या. गोळीनं हात थरथरतो, वजन वाढलंय, पण चात्या गप्प झाल्यात. गोळ्या आई मोजून देते. काकी अजून त्याच्यापुढनं जाताना पदर सावरते.

माझं म्हणणं, पडदा बांधा, पण 'जय भीम कॉम्रेड' लावा. तीन तासांच्या वर आहे, लोक कंटाळतील म्हणाल. कंटाळू देत, मधी चहा द्या. आणि वस्तीत कुणाची झोप उडाली असेल, कुणाला आवाज ऐकू येत असतील, तर १४४१६ हा सरकारी नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. फुकट आहे. रंगाचे पैसे मी देतो.

बैठक परत रविवारी आहे. मी सुट्टी टाकलीय, आता उठून जाणार नाही. थोरल्याला विचारलं, येतोस काय? "येतो की," म्हणाला, "पण मला दाराजवळ बसवू नका. मधी बसतो."