फीचा विमा की हक्काची शिष्यवृत्ती?

बजाजनगरातल्या कामगाराच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळतो आणि अचानक हजारोंची जादा फी मागितली जाते. मग शैक्षणिक विमा घ्यावा का? तो पालकाच्या मृत्यूनंतर किंवा मुदत संपल्यावर ठरलेले पैसे देतो. कॉलेजची जादा फी भरत नाही.

कॅप फेरीतून प्रवेश घेतलेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असल्यास शिष्यवृत्ती, त्यापुढे फ्रीशिप आहे. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो रखडला की कॉलेज तगादा लावते. खासगी व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. त्याहून जास्त मागितल्यास पावती घ्या, तक्रार करा.

विम्याचा हप्ता भरण्याआधी महाडीबीटीचा अर्ज भरा. त्यासाठी विहाराविहारात शिबिरे लावू या. जय भीम!