भोवऱ्याचे गणित आणि ठिबकातील वाळू

ठिबकाच्या तोट्यांत वाळू अडकली की दोष बहुधा पाण्याला दिला जातो. कूपनलिकेच्या किंवा नदीच्या पाण्यात वाळू येते, हे खरे. पण ती वेगळी काढण्यासाठीच पंपानंतर हायड्रोसायक्लोन फिल्टर बसवलेला असतो. या शंकूच्या आकाराच्या उपकरणात जाळी नाही, फिरणारे पाते नाही. पाणी कडेने शिरून गरगरते, जड वाळू भिंतीकडे फेकली जाऊन खालच्या टाकीत उतरते आणि निवळलेले पाणी मधल्या नळीतून वर निघते. सारे काम भोवऱ्याचे आहे. त्यामुळे भोवऱ्याचा अंदाज चुकला की फिल्टरची निवडही चुकते.

हा अंदाज आता संगणकावर बांधला जातो. प्रवाहातील प्रत्येक लहान-मोठी खळबळ मोजणे व्यवहारात परवडत नाही. म्हणून ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८९५ मध्ये दाखवलेल्या वाटेने सरासरी प्रवाह सोडवतात आणि खळबळीचा परिणाम एखाद्या प्रारूपाने भरून काढतात. सर्वाधिक प्रचलित के-एप्सिलॉन प्रारूप असे धरून चालते की खळबळीमुळे होणारे मिसळणे सर्व दिशांना सारखेच असते. सरळ नळीत हे बऱ्यापैकी चालते, भोवऱ्यात चालत नाही. भोवऱ्याच्या गाभ्यात पाण्याचा कण जागचा हलून बाहेर सरकू लागला, तर भोवतालचा दाब त्याला पुन्हा आत ढकलतो. त्या दिशेचे मिसळणे दबते. प्रारूपाला याची दखलच नसते. म्हणून ते जवळजवळ सारा भोवरा गाडीच्या चाकासारखा एकसंध फिरताना दाखवते. प्रत्यक्षात भिंतीकडून आत येताना फिरण्याचा वेग वाढत जातो आणि गाभ्याशी पोहोचल्यावरच उतरतो. लाँडर, रीस व रोडी यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या प्रारूपात खळबळीच्या सहाही ताणांना स्वतंत्र समीकरण आहे. त्याला संगणकाचा वेळ अधिक लागतो. पण येथे वेळ वाचवणे म्हणजे मूळ प्रश्नच टाळणे.

चांगले प्रारूपही पुरेसे नाही. खनिज उद्योगातील हायड्रोसायक्लोनचे तळ सहसा उघडे असते आणि मध्यभागी हवेचा स्तंभ तयार होतो. ठिबकाच्या फिल्टरची टाकी बंद व पाण्याने भरलेली असते. तिथले निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणे योग्य नाही. रंगीत चित्रांना खऱ्या वाळूच्या चाचणीची जोड हवी आणि तीही एकाच प्रवाहावर घेतलेली नको.

कारण शेतात प्रवाह स्थिर राहत नाही. उन्हाळ्यात विहीर उतरते आणि पंपाचे पाणी घटते. प्रवाह निम्म्यावर आला की वाळू बाहेर फेकणारे बल साधारण चौथाईवर येते. तरीही अनेकदा फिल्टर निवडला जातो तो पाइपाच्या इंचावरून! कार्यक्षमतेची एकच टक्केवारी छापण्याऐवजी किमान व कमाल प्रवाहाची मर्यादा ठळक द्यावी, हा आग्रह संशोधन केंद्रांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी धरायला हवा. शेवाळ आणि बारीक गाळ हायड्रोसायक्लोन काढत नाही, त्यासाठी पुढचा फिल्टर लागतोच.

पडताळणी सोपी आहे. दोनशे लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला तर प्रवाह ताशी १८ घनमीटर. हे मोजमाप एप्रिल-मेमध्येही घ्यावे. शिवाय फिल्टरच्या आधी व नंतर दाबमापक हवेत. जाळीच्या फिल्टरमध्ये दाबातील फरक वाढला की जाळी तुंबली, असे समजतात. हायड्रोसायक्लोनमध्ये मात्र हा फरक फार कमी झाला, तर भोवरा मंदावलेला असतो आणि वाळू पुढे निघालेली असते.