वेदनेवरची नवी गोळी आणि कपाटातलं मॉर्फिन

उत्तर पाकिस्तानातला दहा वर्षांचा एक मुलगा रस्त्यावर खेळ करायचा. दंडात सुऱ्या खुपसायच्या, निखाऱ्यांवरून चालायचं. त्याला काहीच दुखत नसे. चौदावं वर्ष पुरं व्हायच्या आत छतावरून उडी मारली आणि तो गेला.

केंब्रिजच्या जेफ्री वुड्स यांच्या गटाने त्याच्याच भागातली अशीच सहा माणसं तपासली. २००६ मध्ये कारण प्रसिद्ध झालं: एका जनुकातल्या दोषामुळे मज्जातंतूंवरची सोडियमची एक वाहिनी निकामी होती, त्यामुळे दुखण्याचा निरोप मेंदूकडे निघतच नव्हता. तीच वाहिनी औषधाने बंद करायला कंपन्या सरसावल्या. ते प्रयत्न फसत गेले. पण तिच्या भावंडांतल्या दुसऱ्या वाहिनीवर यश आलं. ३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सुझेट्रिजिन या औषधाला मान्यता दिली. ते मेंदूऐवजी बाहेरच्या मज्जातंतूंवर काम करतं, त्यामुळे अफूजन्य औषधांसारखं व्यसन लागण्याचा धोका दिसत नाही. हे यश मोठं आहे, त्याचं स्वागतच व्हायला हवं.

मात्र चाचण्या नीट वाचायला हव्यात. पोटाच्या आणि पायाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४८ तासांत हे औषध नुसत्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं. हायड्रोकोडोन-पॅरासिटामॉलच्या जुन्या जोडगोळीपेक्षा नाही. सायटिकाच्या चाचणीत तर बनावट गोळी घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढाच आराम पडला. आणि बाजारात येताना एका गोळीची किंमत होती साडेपंधरा डॉलर.

अमेरिकेला असं औषध हवंच होतं. तिथे अफूजन्य गोळ्या सढळ हाताने वाटल्या गेल्या आणि लाखो माणसं मेली. आपलं दुखणं नेमकं उलटं आहे. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, तिच्यापासून मॉर्फिन बनतं; तरीही कर्करोगाने तळमळणाऱ्या कित्येकांना ते मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं जंजाळ उभं केलं, रुग्णालयांनी साठा ठेवणंच सोडलं. वेदनाशमनासाठी झटणारे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकांची एकच मान्यता पुरते. कायदा सैल झाला, भीती गेली नाही.

ही भीती डॉक्टरांची आहे आणि घरच्यांचीही. मॉर्फिन सुरू झालं म्हणजे आता शेवट आला, असं नातेवाईक धरून चालतात. प्रत्यक्षात योग्य मात्रेत, दर चार तासांनी, बद्धकोष्ठावरच्या औषधासोबत दिलेली ही स्वस्त गोळी रुग्णाला उठवून बसवते, दोन घास खाऊ देते.

नवी गोळी उद्या भारतात येईल तेव्हा मॉर्फिन कपाटात बंद ठेवायला ती निमित्त ठरू नये. परळच्या टाटा रुग्णालयातून गावी परतलेल्या रुग्णाला मॉर्फिनची पुढची गोळी त्याच्याच जिल्ह्यात मिळाली पाहिजे. त्यासाठी राज्याने प्रत्येक जिल्हा रुग्णालयाची मान्यता, साठा आणि मॉर्फिन लिहून देणारा प्रशिक्षित डॉक्टर, या तिन्हींची यादी जाहीर करावी.