फॉरवर्ड केलेली क्षमा

पहिलीपासून माझ्याच बाकावर बसणारी माझी मैत्रीण गेली. तिच्या मुलीच्या लग्नात आहेरावरून मी तिला टोचून बोलले होते. पुढे दर भाद्रपदात दशलक्षणाचे 10 दिवस झाले, की क्षमावाणीला सगळ्यांना पाठवायचे तेच ‘उत्तम क्षमा’चे चित्र तिलाही पाठवायचे. तीही हात जोडलेले चिन्ह पाठवायची. मला वाटायचे, मिटले. पण मंदिरात भेटलो तरी आम्ही धड बोलत नव्हतो.

दहा धर्मांत क्षमा पहिली. ती सगळ्यांना एकदम मागता येत नाही. जिला दुखावले, तिच्या घरी जाऊन, काय चुकले ते सांगून मागावी. यंदा निदान एका घरी जाच. मला आता ते जमणार नाही.