सिगारेटच्या कागदावरचा युरोप

गेल्या महिन्यात शेंगेन व्हिसाची फाइल करत होते. बँक स्टेटमेंट, रिटर्न्स, हॉटेल बुकिंग, इन्शुरन्स... त्यात फ्रीलान्सरकडे 'ऑफिसचं पत्र' मागितलं की कसं कानकोंडं व्हायला होतं, विचारू नका! पण एकदा तो स्टिकर मिळाला की २९ देश मोकळे. पॅरिसला ब्रेकफास्ट, ब्रसेल्सला लंच. मधल्या सीमेवर सहसा कुणी पासपोर्टही विचारत नाही.

हे सुचलं कुणाला? शोधत गेले आणि पोचले थेट कैद्यांच्या एका बेटावर.

व्हेंतोतेने. रोम आणि नेपल्सच्या मधल्या समुद्रातला इवलासा ठिपका. सम्राट ऑगस्टसने पोटच्या मुलीला इथेच हद्दपार केलं होतं. मुसोलिनीने तीच परंपरा चालवली आणि आपले विरोधक इथे आणून टाकले. त्यातला एक अल्तिएरो स्पिनेल्ली. १९२७ मध्ये पकडला तेव्हा वय फक्त १९. आपण त्या वयात कॉलेजच्या कट्ट्यावर चहा पीत असतो. हा पुढची १६ वर्षं आधी तुरुंगात आणि मग बेटांवर राहिला.

गडी होता कम्युनिस्ट. पण स्टालिनवर टीका केली म्हणून १९३७ मध्ये पक्षानेही हाकललं. म्हणजे सरकारने हद्दपार केलेलं आणि बेटावरचे जुने कॉम्रेडही तोंड फिरवणारे. पोटापाण्यासाठी हा घड्याळं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात वाचायचा.

१९४१ साल. हिटलरने जवळजवळ अख्खा युरोप गिळलेला. अशा वेळी स्पिनेल्ली आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी युद्धानंतरच्या युरोपचा जाहीरनामा लिहिला. मुद्दा साधा होता. हिटलर हरला आणि पुन्हा तेच एकमेकांवर गुरगुरणारे सार्वभौम देश उभे राहिले, तर पुढचं युद्ध ठरलेलं. म्हणून सगळ्यांचं मिळून एक संघराज्य हवं, एक सैन्य हवं. हा मजकूर सिगारेटच्या कागदांवर लिहिला होता, असं सांगतात. तो बाहेर नेला उर्सुला हिर्शमान हिने. तिचा नवरा एउजेनिओ कोलोर्नी कैदी होता, ती नव्हती. कोलोर्नीने १९४४ मध्ये तो चोरून छापला. त्याच वर्षी फॅसिस्टांनी त्याला रोममध्ये गोळ्या घातल्या.

जाहीरनामा अगदी सोवळा नाही हं. संक्रमणाच्या काळात क्रांतिकारी पक्षाची हुकूमशाही लागेल, असंही त्यात आहे. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान मेलोनींनी इटलीच्या संसदेत त्यावरूनच झोड उठवली. टीकेत तथ्य आहे. पण हे लिहिणारे त्या वेळी स्वतःच एका हुकूमशहाच्या कैदेत होते ना?

स्पिनेल्ली मात्र पुढे सगळं मतपेटीतूनच करायला निघाला. १९७९ मध्ये तो युरोपीय संसदेत निवडून आला. संघाच्या नव्या कराराचा त्याचा मसुदा १९८४ मध्ये संसदेने मंजूरही केला. त्याआधीच एका भाषणात त्याने हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची आठवण दिली होती: मोठा मासा गळाला लागतो, पण किनाऱ्याला येईपर्यंत शार्क फक्त सांगाडा ठेवतात. झालंही तसंच. देशांच्या सरकारांनी मसुद्यातलं थोडंसंच उचललं. १९८६ मध्ये तो गेला. आज ब्रसेल्समध्ये युरोपीय संसदेच्या मुख्य इमारतीला त्याचं नाव आहे, पण त्याच्या मनातलं संघराज्य काही झालेलं नाही. २०२० मध्ये ब्रिटन तर बाहेरच पडलं.

मग हा माणूस हरला का? मला नाही वाटत. ज्याला बेटाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती, त्याने सीमा नसलेला नकाशा मनात काढला. त्यातला अर्धामुर्धा खरा झाला, म्हणून तर तिथली मुलं शेजारच्या देशात नोकरीला जाताना व्हिसाच्या रांगेत उभी राहत नाहीत. त्या नकाशाच्या बाहेर आपण आहोत, हेही खरं. रांग आपल्याला चुकत नाही.

माझा व्हिसा? अजून पत्ता नाही. आला तर पॅरिस नंतर. आधी फॉर्मियाहून बोट पकडून व्हेंतोतेने. स्पिनेल्लीची समाधी तिथेच आहे. ज्या बेटावर कोंडलं होतं, तिथेच.