रेपो दर आणि आपली पेठ

'रेपो दरात कपात, उद्योगांना दिलासा' हा मथळा वर्षभर खुपत राहिला. फेब्रुवारी ते जून 2025 या काळात रिझर्व्ह बँकेने हा दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे उसने देते तो, साडेसहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला. दर वेळी चर्चा घरकर्जाच्या हप्त्यापाशी सुरू झाली आणि तिथेच संपली. ऑगस्टअखेर भारतीय मालावरचे अमेरिकेचे आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेले. तेव्हा सोलापूरच्या टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागधारकाला या एका टक्क्याने काय दिले, हे कोणी विचारले?

 

हा प्रश्न नवा नाही. 2020च्या टाळेबंदीतही रेपो दर चार टक्क्यांपर्यंत उतरला. छोट्या-मध्यम वित्तसंस्थांमार्फत पैसा खाली झिरपावा म्हणून एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने 25,000 कोटी रुपये देऊ केले. बँकांनी जेमतेम निम्मेच मागितले. मेच्या सुरुवातीला त्याच बँकांचे आठ लाख कोटींहून अधिक रुपये रिझर्व्ह बँकेकडे पडून होते. पैसा स्वस्त होता. जोखीम घ्यायला कोणी तयार नव्हते. हप्ते पुढे ढकलले गेले, पण व्याज चढतच राहिले. केंद्राने लघुउद्योगांच्या तीन लाख कोटींच्या कर्जांची हमी घेतली तेव्हा कुठे बँकांचा हात सैल झाला, तोही आधीच्या कर्जदारांपुरता. जो कधी बँकेची पायरी चढला नव्हता, तो सावकाराकडेच गेला.

लघुउद्योगांची बदलत्या व्याजदराची नवी कर्जे ऑक्टोबर 2019पासून रेपोसारख्या बाह्य दराशी जोडली गेली, हे चांगलेच झाले. पण तो नियम नागरी सहकारी बँकांना लागू नाही, आणि आपल्या कितीतरी पेठा त्यांच्याच कर्जावर चालतात. शिवाय मंदीत दुकानदार बुडतो तो व्याजापेक्षा अडकलेल्या उधारीने. माल गेलेला असतो, पैसे आलेले नसतात आणि कामगारांचा पगार शनिवारी द्यायचा असतो.

या दिवाळी अंकाचा विषय 'पेठ' आहे. म्हणून आमची मागणीही पेठेचीच आहे. प्रत्येक पतधोरणासोबत रिझर्व्ह बँकेने जिल्हावार जाहीर करावे : दहा लाखांखालची किती नवी कर्जे दिली, किती व्याजाने दिली आणि किती अर्ज नाकारले. हे आकडे समोर येईपर्यंत कोणत्याही कपातीला दिलासा म्हणू नये.

वाचकहो, पुढच्या कपातीची बातमी आली की आपल्या पेठेतल्या दुकानदाराला विचारा, बँकेने कर्ज दिले का? उत्तर आम्हाला कळवा, आम्ही ते छापू.