दार लावण्याआधी देणे फेडा

उपवासकाळात जुन्या करारातील वाचने झाली की मेहकरसारख्या लहानशा गावीही एक मत हमखास कानी पडते : ‘‘यहुद्यांचे प्रायश्चित्त म्हणजे बकऱ्याचे रक्त नि बाह्य कर्मकांड. आपले प्रायश्चित्त अंतःकरणाचे!’’ हे मत आम्ही धर्मगुरूंनीच प्रवचनांतून पेरले आहे. तरीही ते चुकीचे आहे, आणि सोयीचे आहे म्हणून अधिकच घातक आहे.

लेवीय ग्रंथाचा सोळावा अध्याय उघडून पाहावा. वर्षातून एकाच दिवशी महायाजक अंतरपटाच्या आत परमपवित्र स्थानी जाई, तोही साध्या तागाच्या वस्त्रांत. लोकांच्या पापांसाठी बकरा अर्पिण्यापूर्वी त्याला स्वतःच्या व आपल्या घराण्याच्या पापांसाठी गोऱ्हा अर्पावा लागे. मग जिवंत बकऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून तो इस्राएलचे अपराध उच्चारी आणि तो बकरा रानात सोडला जाई. त्या दिवशी पवित्र स्थानाचेही प्रायश्चित्त होई. कारण घरी, बाजारी केलेले पाप देवाच्या निवासापर्यंत पोहोचते, अशी ती श्रद्धा होती. हे काय केवळ बाह्य कर्मकांड?

त्याच ग्रंथाची दुसरी आज्ञा आम्ही क्वचितच वाचून दाखवतो. शेजाऱ्याला फसवून घेतलेले सारे परत करावे, वर पाचवा हिस्सा भरावा आणि दोषार्पणाचा मेंढा आणावा. मिश्नाही बजावते की, माणसामाणसांतील अपराधाची क्षमा शेजाऱ्याची समजूत घातल्याविना प्रायश्चित्ताच्या दिवसानेही मिळत नाही. वेदीजवळ अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करा, असे सांगणारे प्रभू येशू याच परंपरेत वाढले होते.

इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले. प्रायश्चित्ताचा दिवस मात्र टिकला. कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी तो चक्क मराठी नावाने जपला : ‘दारफळणीचा सण’. दारे लावून, शुभ्र वस्त्रे नेसून दिवसभर उपवास करावयाचा. दुसऱ्या दिवशी, ‘शिळ्या सणा’ला, दानधर्म करून इष्टमित्रांना भेटावयाचे. मंदिर नव्हते, तेव्हा घराचीच पवित्र जागा झाली. पुढे १७९६ साली मुंबईत त्यांनी आपले पहिले सभास्थान उभारले. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘दयेचे द्वार’ असाच आहे.

आणि आम्ही? भावाचा बांध कोरलेला तसाच ठेवून, मजुराची मजुरी बुडवून पापनिवेदनाला गुडघे टेकतो. वर मिस्सा सांगितली की हिशेब मिटला! अंतःकरणाच्या नावाखाली आम्ही प्रायश्चित्त स्वस्त केले आहे. ख्रिस्ताचे बलिदान एकदाच नि सर्वांसाठी झाले हे खरे. पण त्यामुळे आमचे देणे बुडत नाही.

महायाजकाप्रमाणे आरंभ आम्हां धर्मगुरूंपासूनच व्हावा. मग येत्या ईस्टरपूर्वी प्रत्येकाने आपापला हिशेब काढावा. कुणाचे १,००० रुपये बुडवले असतील, तर १,२०० घेऊन आधी त्याच्या दारी जावे. देवळात मागाहून यावे.